रायफल निवडण्याआधी व्हिसा पाहा

नोव्हेंबर उजाडला की पेन्सिल्व्हेनियापासून टेक्सासपर्यंत कार्यालयातील सहकारी रजा टाकून हरणांच्या शिकारीला जातात. त्यांच्यापैकी एखादा आपल्या मराठी मित्रालाही शनिवारी शूटिंग रेंजवर येण्याचे आग्रहाचे निमंत्रण देतो. पहिल्या भेटीत भाड्याची रायफल हाताळली जाते, तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर स्वतःची घ्यावी असे वाटू लागते आणि मग ठरलेला प्रश्न येतो : एआर-१५ घ्यावी की रूगर, .२२३ चे काडतूस बरे की .३०८ चे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुढे दिलेही आहे. परंतु अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयाच्या बाबतीत तो पहिला प्रश्न नव्हे. आपण या देशात कोणत्या व्हिसावर आहोत, कोणत्या राज्यात राहतो आणि रायफल नेमकी कशासाठी हवी, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर निवडीला जेवढी जागा उरते, तेवढ्यातच निवड करायची असते.

व्हिसाची गोष्ट आधी, कारण तिची माहिती सुशिक्षितांनाही नसते. फेब्रुवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या गच्चीवर एका परदेशी पर्यटकाने गोळीबार केला. त्याने पिस्तूल फ्लोरिडात, देशात येऊन काही आठवडेच झालेले असताना, मॉटेलचा पत्ता देऊन विकत घेतले होते. या घटनेनंतर ऑक्टोबर १९९८ मध्ये काँग्रेसने संघीय शस्त्रकायद्यात दुरुस्ती केली आणि बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीस बंदूक वा काडतूस विकत घेण्यास, इतकेच नव्हे तर जवळ बाळगण्यासही मनाई केली. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सारे व्हिसे या व्याख्येत येतात.

पर्यटकासाठी केलेला हा कायदा आज कोणाला लागू होतो ते पाहावे. ग्रीनकार्डच्या रांगेत दहा-पंधरा वर्षे काढणारा, घर घेतलेला, कर भरणारा, मुले अमेरिकी नागरिक असलेला भारतीय अभियंता कायद्याच्या दृष्टीने अजून तात्पुरता पाहुणाच असतो. इतर बहुतेक देशांतील लोकांची ही अवस्था दोन-चार वर्षांत संपते. आपली संपत नाही. म्हणून कागदावर सर्वांना सारखा असलेला हा नियम प्रत्यक्षात भारतीयांवर सर्वाधिक काळ लागू राहतो.

या मनाईला काही अपवाद आहेत आणि त्यांतला आपल्या उपयोगाचा अपवाद जरा विलक्षण आहे. अमेरिकेतील कोणत्याही राज्याने रीतसर दिलेला, मुदत न संपलेला शिकार परवाना ज्याच्याजवळ आहे, त्याला ही मनाई लागू होत नाही. शिकार करण्याचा मानस असो वा नसो, रेंजवर कागदी लक्ष्यावर नेम धरायचा असला तरी परवाना शिकारीचाच लागतो. दुकानदार विक्रीच्या वेळी जो संघीय अर्ज भरून घेतो, त्यात व्हिसाविषयी आणि या अपवादाविषयी स्पष्ट प्रश्न असतात. त्यांना खोटे उत्तर देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिकार परवान्यासाठी बहुतेक राज्ये सुरक्षितता-शिक्षणाचा अभ्यासक्रम मागतात. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो करावा लागतो. खर्च थोडा, वेळ एखाद्या दिवसाचा, आणि शिकायला मिळते ते खरोखरच उपयोगाचे.

टेक्सासचा आणखी एक बारकावा. आपल्याकडे विदर्भात वा कोकणात रानडुकरे शेताची नासाडी करतात तशीच ती तेथेही करतात, म्हणून २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्यांना मारण्यास शिकार परवाना लागत नाही. सहकारी अगदी खरे सांगतो, ‘डुकरांना परवाना कशाला?’ त्याला लागत नाही. एच-१बी धारकाला मात्र तो डुकरासाठी नव्हे, तर रायफल हातात घेण्यासाठी लागतो.

‘पण रेंजवर तर भाड्याचीच रायफल असते, आपण ती घरी नेत नाही,’ असे समजणाऱ्यांनी हमीद रेहैफ याचा खटला वाचावा. हा संयुक्त अरब अमिरातीचा तरुण विद्यार्थी-व्हिसावर फ्लोरिडात शिकत होता. नापास झाल्यामुळे विद्यापीठाने त्याला काढले आणि त्याचा कायदेशीर दर्जा गेला. तो देशात राहिला आणि एके दिवशी रेंजवर जाऊन त्याने दोन बंदुका चालवल्या. तेवढ्यावर त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. जून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती फिरवली, कारण आपला दर्जा गेला आहे हे आरोपीला ठाऊक होते असे सरकारने सिद्ध करावयास हवे होते. या निकालाने आपला बचाव होईल असे मात्र मानू नये. आपण एच-१बी वर आहोत हे एच-१बी धारकाला पक्के ठाऊक असते. कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायालय सहसा ऐकत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षे झाली आहे. अपात्र आहे हे जाणून, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना, त्याच्या हाती बंदूक देणाऱ्यालाही तीच लागू आहे. पती ग्रीनकार्डधारक आणि पत्नी एच-४ वर अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. अशा घरात तिजोरीची किल्ली कोणाजवळ राहते, हा कायद्याचाही प्रश्न होतो.

ग्रीनकार्ड मिळाले की संघीय कायद्याच्या दृष्टीने नागरिकाइतकीच मुभा मिळते; परंतु धोका नागरिकाइतका कमी होत नाही. नागरिकाला शस्त्रविषयक गुन्ह्यात दंड वा कैद होते आणि तेथे प्रकरण संपते. बिगर-नागरिक अशा गुन्ह्यात दोषी ठरला तर इमिग्रेशन कायद्यानुसार तो हद्दपारीस पात्र ठरतो, मग देशातील वास्तव्य वीस वर्षांचे का असेना. गांजा न्यू जर्सीत, इलिनॉयमध्ये वा कॅलिफोर्नियात दुकानात मिळत असला, तरी संघीय कायद्याच्या अक्षरानुसार त्याचे सेवन करणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही, हेही येथेच नोंदवलेले बरे.

दुसरा प्रश्न राज्याचा. जून २०२५ मध्ये मेरीलँडच्या बंदीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऐकण्यास नकार दिला. तीन न्यायमूर्ती ती घेण्याच्या बाजूने होते आणि एआर-१५ चा प्रश्न येत्या एक-दोन सत्रांत न्यायालयाने हाती घ्यावा असे न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळे नोंदवले. तोवर प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. इलिनॉयने जानेवारी २०२३ मध्ये आणि वॉशिंग्टनने त्याच वर्षी एप्रिलमध्ये एआर-१५ प्रकारच्या रायफलींच्या विक्रीवर बंदी घातली. कॅलिफोर्नियाची बंदी १९८९ पासूनची आहे, न्यू जर्सीची १९९० पासूनची. सिएटल-रेडमंड भागातील वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्यांच्या राज्यात ग्रीनकार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीसाठी वेगळ्या शस्त्रपरवान्याची तरतूद आहे. शिवाय २०१८ च्या सार्वमताने तेथे प्रत्येक अर्धस्वयंचलित रायफलीला ‘असॉल्ट रायफल’ असे नाव दिले. पेन्सिल्व्हेनियात बाप मुलाला पहिली बंदूक म्हणून देतो ती .२२ ची रूगरही त्यात आली. ती विकत घेण्यास वय २१ पूर्ण आणि प्रशिक्षण झालेले असावे लागते.

न्यू जर्सीचा १९९६ चा एक अपील निकाल तर एडिसनमधील प्रत्येक हौशी नेमबाजाने वाचावा असा आहे. एका निष्णात नेमबाजाला स्पर्धेत बक्षीस म्हणून मार्लिन मॉडेल ६० ही .२२ ची रायफल मिळाली. ती त्याने तिजोरीत ठेवून दिली. तिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये १७ काडतुसे मावत होती. राज्याची मर्यादा तेव्हा १५ होती, आता १० आहे. तेवढ्यामुळे ती ‘असॉल्ट’ शस्त्र ठरली आणि न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली. हा गृहस्थ ग्रीनकार्डवर असता तर काय झाले असते, हे वर सांगितलेच आहे. टेक्सासहून न्यू जर्सीत बदली होऊन येणाऱ्याने सामानाच्या ट्रकआधी रायफलीचा विचार करावा, तो यासाठी.

आता निवडीकडे. अर्धस्वयंचलित म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पुढचे काडतूस नळीत चढवण्याचे काम सुटलेल्या गोळीच्या वायूने वा धक्क्याने आपोआप होते. एआर-१५ ही त्याहून वेगळी काही जादू नाही. ‘एआर’ म्हणजे आर्मालाइट या कंपनीची रायफल. यूजीन स्टोनर याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिची रचना केली आणि कोल्टची एकस्वे १९७७ मध्ये संपल्यावर असंख्य कंपन्या ती बनवू लागल्या. सुटे भाग सर्वत्र मिळतात, दस्त्याची लांबी बदलता येते, धक्का सौम्य असतो, म्हणून ती रेंजवर लोकप्रिय आहे. तिची खरी मर्यादा शिकारीत दिसते. तिचे नेहमीचे .२२३ काडतूस हरणासाठी हलके मानले जाते. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांत मोठ्या शिकारीसाठी किमान .२४ व्यासाची गोळी लागते, म्हणजे तेथे ते चालतच नाही.

ज्याला रेंजवर नेमबाजी शिकायची आहे, त्याने .२२ रिमफायरपासूनच आरंभ करावा असे माझे स्पष्ट मत आहे. रूगर १०/२२ ही १९६४ पासून बनते. तिचे मॅगझिन दहाच काडतुसांचे असल्याने बहुतेक राज्यांच्या मर्यादेत बसते, धक्का जवळजवळ नसतो आणि काडतूस दहा सेंटच्या आसपास पडते. .२२३ चे त्याच्या चार-पाच पट, शिकारीच्या .३०८ चे डॉलरच्या वर. एका बैठकीत दोनशे गोळ्या झाडणाऱ्याने हा गुणाकार करून पाहावा. महाग रायफल घेऊन काडतुसांच्या खर्चापायी सराव टाळणारे लोक कमी नाहीत. ज्याला केवळ अचूकता साधायची आहे, त्याला तर अर्धस्वयंचलित यंत्रणेची गरजच नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर रायफल प्रकारात .२२ चीच रायफल असते आणि प्रत्येक काडतूस हाताने भरावे लागते.

शिकारीसाठी .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर ही काडतुसे हरणास पुरेशी आणि नवशिक्याला झेपणारी आहेत. ती झाडणारी अर्धस्वयंचलित रायफल हवी असेल तर एआर-१० च्या घाटाची घेता येते, नाहीतर १९६७ पासून चालत आलेली ब्राउनिंग बार. पहिली जड, दिवसभर रानात खांद्यावर वाहताना तिचे वजन कळते. दुसरी लाकडी दस्त्याची, हलकी आणि महाग. टेक्सासच्या डुकरांच्या कळपावर दुसरी-तिसरी गोळी लागोपाठ झाडावी लागते, तेथे अर्धस्वयंचलित यंत्रणेचा खरा लाभ आहे. हरणाच्या शिकारीत पहिलीच गोळी मोलाची असते, त्यामुळे साधी बोल्ट-ॲक्शन रायफल कमी पैशांत तेच काम करते आणि कायद्याच्या कटकटीही कमी करते. पेन्सिल्व्हेनियाच्या शिकार आयोगाने २०१७ मध्ये अर्धस्वयंचलित रायफलींना लहान शिकारीसाठी मान्यता दिली, हरणासाठी मात्र नाकारली. न्यू जर्सीत हरणावर रायफल मुळीच चालत नाही. शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा धनुष्य घ्यावे लागते. इलिनॉयने २०२३ पासून रायफलीला मुभा दिली, तीही एकबारी. फ्लोरिडात पाचहून अधिक काडतुसांचे मॅगझिन शिकारीला चालत नाही. कोलोरॅडोत नळीतले धरून सहा. दुकानात मिळणारे तीस काडतुसांचे मॅगझिन रानात बहुधा निरुपयोगीच ठरते.

१ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफलींवरील २०० डॉलरचा संघीय कर शून्य झाला, यामुळे सध्या त्यांच्या जाहिराती वाढल्या आहेत. कर गेला, नोंदणी गेलेली नाही. १६ इंचांहून आखूड नळीची रायफल नोंदणीवाचून बाळगणे पूर्वीइतकाच गंभीर गुन्हा आहे.

तिजोरीचा खर्च रायफलीच्या किमतीतच धरावा. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात किशोरवयीन मुले असतील, सणावाराला दहा कुटुंबांची पोरे खोल्याखोल्यांतून धावत असतील, तर कपाटाच्या वरच्या कप्प्याला सुरक्षित जागा म्हणता येत नाही. काडतुसे वेगळी, तीही कुलपात.

आणि रेंजची पिशवी दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये. सुटीत भारतात गेलेल्या अनिवासी भारतीयांच्या सामानात विसरलेले एखादे काडतूस विमानतळावरच्या तपासणीत सापडते आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, असे वारंवार घडते. जाणीवपूर्वक ताबा नव्हता या कारणावर दिल्ली उच्च न्यायालयाने अशी अनेक प्रकरणे रद्द केली आहेत. पण तो निकाल हाती येईपर्यंत परतीचे विमान गेलेले असते, वकील करावा लागलेला असतो आणि पुढच्या व्हिसा-मुलाखतीत ‘तुम्हाला कधी अटक झाली होती का’ या प्रश्नाला होकार द्यावा लागतो. निघण्यापूर्वी पिशवीचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा, अस्तराच्या शिवणीतही बोट घालून पाहावे; .२२ चे काडतूस शेंगदाण्याहून फारसे मोठे नसते.