दमाची मजुरी

‘तुमचं बरं आहे हो मास्तर! गावं हिंडायची, गाणी वाजवायची आणि वर पैसेही मिळतात!’ हे वाक्य मी नांदेड-लातूरच्या पट्ट्यात गेली चाळीस वर्षे ऐकतो आहे. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. उलट थोडा हेवाच असतो. पण या वाक्याच्या पोटात एक हिशेबही दडलेला असतो. वाजवणाऱ्याला वाजवण्यात आनंद मिळतोच आहे, मग चार पैसे कमी दिले तरी चालतील, असा तो हिशेब. आज त्याच्याबद्दलच थोडे बोलायचे आहे.

मी क्लॅरिनेट वाजवतो. कोणत्याही एका बँडचा मी बांधलेला माणूस नाही. लगीनसराईत ज्या बँडला वादक कमी पडेल त्याच्याबरोबर जातो, गणपतीत ऑर्केस्ट्रात बसतो, एरवी कुठे भारुडाला तर कुठे भावगीतांच्या कार्यक्रमाला साथ करतो. नांदेडहून सुटलेली एस.टी. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला पोचते. या रस्त्यावरच्या किती मारुतींपुढे वाजवले, त्याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. डोक्यावर मालक नाही हे सुख मोठेच. मात्र मालक नाही म्हणजे आजारपणात विचारणारेही कोणी नाही.

आनंद खोटा नाही, हे आधीच सांगतो. नवरदेवाचा परण्या निघालेला असतो. चाल सगळ्यांच्या ओळखीची असते. अंतऱ्यावर मी जरासा रेंगाळतो, एक हरकत जास्तीची घेतो. ट्रम्पेटवाला डोळे बारीक करून माझ्याकडे बघतो आणि तीच हरकत उलटी फिरवून मला परत करतो. साइड ड्रमवाला मध्येच ठेका मोडतो आणि बरोबर समेवर येऊन मिळतो. हे कोणी लिहून दिलेले नसते, त्याची तालीमही झालेली नसते. शास्त्रीय संगीतात याला उपज म्हणतात. त्या दोन-तीन मिनिटांत पाय दुखत नाहीत, ऊन लागत नाही.

या आनंदाची भावकी फार दूरवर पसरली आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी जाझ नावाचे संगीत आकाराला आले, ते आमच्यासारख्याच रस्त्यावरच्या बँडच्या संगतीने. वाद्येही तीच, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ढोल. तिथले काळे वादक अंत्ययात्रेत जाताना संथ, गंभीर सूर लावत आणि परतताना नाचरी चाल धरत. आपल्याकडेही पिकल्या पानासारख्या म्हाताऱ्याला वाजतगाजत निरोप देतातच की! एकाने चाल धरायची आणि बाकीच्यांनी ती आपापल्या परीने खुलवायची, ही जाझची रीत आमच्या वादकाला समजावून सांगावी लागत नाही.

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. गोव्याच्या वादकांनी हे संगीत मन लावून उचलले. त्यांतले ट्रम्पेटवादक आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, पुढे आपल्या पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करू लागले. ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटाच्या संगीतात जाझचा जो रंग आहे, तो या सोबतीतून आला. या चाली मराठवाड्यातल्या बँडवाल्यांनी नुसत्या कानाने उचलल्या. म्हणजे न्यू ऑर्लिन्सहून निघालेली वरात मुंबई करून आमच्या वेशीपर्यंत आली, असे म्हणायला हरकत नाही. पण वाटेत एक गोष्ट सगळीकडे सारखीच घडली. चाल लोकांच्या ओठांवर राहिली आणि वाजवणारे विसरले गेले. चित्रपटसंगीतात उमेदीची वर्षे घालवलेल्या गोव्याच्या कितीतरी वादकांची नावे पडद्यावर कधी आलीच नाहीत.

वाजवणे म्हणजे नुसती मौज नव्हे, हे मला किल्लारीने शिकवले. १९९३ साली अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून गावे झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारच्या सुमारास, भूकंप झाला. हजारो माणसे गेली. त्यानंतरच्या लगीनसराईत पत्र्याच्या शेडपुढच्या एका लग्नाला आम्हाला बोलावणे आले. यजमान म्हणाले, ‘ढोल नको. पण काहीतरी वाजू द्या, नाहीतर पोरीला लग्न झाल्यासारखं वाटायचं नाही.’ मी एकट्यानेच हळू आवाजात क्लॅरिनेट वाजवले. कोणी नाचले नाही. बाया पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या. गाणे माणसाला कशासाठी लागते, हे त्या दिवशी कळले.

आता हिशेबाकडे वळू. लग्नाच्या तिथी वर्षातून मोजक्याच. त्यात दुष्काळ पडला की लग्ने पुढे ढकलली जातात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा वरातीचा विचार कोण करणार? २०२० आणि २०२१ चे दोन्ही उन्हाळे टाळेबंदीने आणि निर्बंधांनी खाल्ले. शिवाय क्लॅरिनेट हे दमाचे आणि दातांचे वाद्य आहे. पुढचे दात हलले की वादक संपला. सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, पण अर्जासोबत कलेचे पुरावे मागतात. वरातीत तीस वर्षे वाजवल्याचे प्रमाणपत्र द्यायचे कोणी?

आणि तरीही कात्री लागते ती आमच्याच पैशांना. एका सधन घरच्या लग्नात पाच तास वाजवून घेतल्यावर ठरलेल्या बिदागीतले पैसे कापून आमच्या हातावर टेकवले. वर ऐकवले, ‘तुम्ही कलावंत माणसं, पैशाचं काय घेऊन बसलात!’ त्याच मांडवात डीजेवाल्याचे पैसे आगाऊ पोचले होते, कारण जनरेटरला डिझेल लागते. माणसाचा दम मात्र फुकट धरला जातो. डीजेशी माझे भांडण नाही, तोही पोटासाठीच राबतो. माझे भांडण या हिशेबाशी आहे. डॉक्टरला रोगी बरा झाल्याचा आनंद होतो, म्हणून आपण त्याची फी कापतो का? शिक्षकाला शिकवण्यात गोडी वाटते, म्हणून त्याचा पगार अर्धा करतो का?

याला आणखी एक पदर आहे. हलगी, सनई, बँड ही कामे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मातंग आणि इतर कष्टकरी समाजांनी केली. म्हणून वाजवणाऱ्याची पंगत सर्वांत शेवटी, तीही मांडवाबाहेर. मंगलकार्य ज्याच्या सुरांवाचून सुरू होत नाही, त्याला ताटावर मागे ठेवायचे, ही कसली रसिकता?

फार काही मागणे नाही. बिदागी आधी ठरवा आणि वरात दारात पोचताच चुकती करा. वादकांना पाहुण्यांबरोबर पंगतीला बसवा. मांडवात अर्धा तास तरी त्यांना नाचण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी वाजवू द्या आणि वाजवणाऱ्याचे नाव विचारा. लातूर पॅटर्नने मुलांना गुण मिळवून दिले, ही अभिमानाचीच बाब आहे. त्याच मुलांच्या हाती आठवड्यातून एक तास एखादे वाद्य दिले, तर तेही वाया जाणार नाही. स्वतः फुंकून पाहिलेल्या मुलाला एक सूर लावायला किती दम लागतो ते कळते. उद्या तो घरचा कर्ता झाला, की वाजवणाऱ्याच्या पैशाला हात लावण्यापूर्वी नक्कीच विचार करील.

वाजवण्यातला आनंद आमचा आम्हाला मिळतो. तो तुम्ही द्यावा लागत नाही. तुमच्याकडे निघते ती मजुरी. ती पुरी द्यावी, एवढेच म्हणणे आहे.