कान मराठीत, हात माऊसवर



दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींचे आईवडील भेटले की अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. "भाऊ, पोरगं म्हणतंय डिझायनिंग शिकतो. पुण्याच्या क्लासची फी काही आपल्याला झेपायची नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून खरंच शिकता येतं का, का नुसता टाइमपास?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एका कुटुंबाची वर्षाची शिल्लक आणि एका मुलाची उमेदीची वर्षे अडकलेली असतात. म्हणून आज त्याचेच उत्तर देतो. शिकता येते. मात्र नुसते बघून येत नाही.

आपला भोर आणि वेल्हे हा भाग (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात) डोंगराचा आणि धरणांचा. पुणे 50-60 किलोमीटरवर. क्लाससाठी रोज स्वारगेटची एस.टी. धरायची म्हणजे फीच्या जोडीला भाडे आले, आणि सगळा दिवस गेला. मुलीचा विषय निघाला की घरात लगेच "परत यायला अंधार पडेल" हे वाक्य येते आणि विषय तिथेच संपतो. अशा घरांसाठी घरबसल्या ऐकता-पाहता येणारा धडा ही फार मोठी सोय आहे. काम तर गावोगाव आहेच. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, बचत गटाच्या मसाल्याचे लेबल, जयंतीचा फलक, निवडणुकीचे पत्रक हे सर्व कोणीतरी संगणकावर जुळवतो, तेव्हाच ते छापले जाते.

शिकायचे कोठून? इंटरनेटवर व्हिडिओंचा पूर आहे. त्यातला एक उपक्रम मात्र आपल्या महाराष्ट्रातला आहे आणि आपल्या घरांना तो ठाऊक असायला हवा. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.मध्ये प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्यूटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला. त्याला केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या राष्ट्रीय अभियानातून निधी मिळाला. यातले धडे साधारण दहा मिनिटांचे आहेत, पाहायला एक पैसा लागत नाही, आणि त्यांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.

या धड्यांची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. आवाज मराठी असतो, पण पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच ठेवलेला असतो. कारण उद्या ज्या दुकानात वा कचेरीत नोकरी लागेल, तेथील संगणकावर 'फाइल', 'लेअर', 'एक्सपोर्ट' ही नावे इंग्रजीतच असणार. समजायचे मातृभाषेत आणि ओळख मात्र कामाच्या शब्दांशी करून घ्यायची, अशी ही योजना आहे. इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी हा उपाय अगदी नेमका आहे.

त्यात डिझाइनची दोन सॉफ्टवेअर येतात. पहिले 'इंकस्केप'. लोगो, पत्रिका, पोस्टर अशा रेषांच्या कामासाठी ते आहे. त्याच्या धड्यांत व्हिजिटिंग कार्ड, ए-फोर आकाराचे पोस्टर, तीन घड्यांचे माहितीपत्रक इतकेच काय, कापडावरची वारली नक्षीसुद्धा करून दाखवली आहे. दुसरे 'जिम्प', फोटो दुरुस्त करण्यासाठी. जिम्पचे धडे मुळात जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातील रोल्फ स्टाइनॉर्ट या गृहस्थांचे. ते इकडे मराठी आवाजात ऐकायला मिळतात. ब्रेमेनचा धडा वेल्ह्याच्या घरात मराठीतून ऐकू येतो, ही काय लहान गोष्ट झाली?

आता मुख्य मुद्दा. व्हिडिओ पाहताना सर्व सोपे वाटते, कारण हात शिकवणाऱ्याचा चालत असतो. दुसऱ्याला विहिरीत पोहताना तासन्तास पाहिले तरी आपल्याला पोहता येत नाही, तसेच हे. चाळीस व्हिडिओ पाहिले, वहीभर टिपणे काढली, आणि साधी पत्रिका जुळवायला बसवले तर हात थांबतो, अशी मुले आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांची बुद्धी कमी नाही. पद्धत चुकली आहे. म्हणून स्पोकन ट्यूटोरियलवाल्यांनी सांगितलेलीच रीत पाळावी. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर. एक कृती पाहायची, व्हिडिओ थांबवायचा, तीच कृती स्वतः करायची. जमली तरच पुढे जायचे. दहा मिनिटांच्या धड्याला तास लागला तर समजावे की अभ्यास बरोबर चालला आहे.

त्याच्या जोडीला चार सूचना मनावर घ्याव्यात.

एक, एका वेळी एकच सॉफ्टवेअर आणि एकच मालिका. आज हा, उद्या तो, असे करणाऱ्याचे काहीच पुरे होत नाही.

दोन, दर आठवड्याला एक खरे काम घ्यावे. चुलत भावाच्या लग्नाची पत्रिका, शेजारच्या पिठाच्या गिरणीची पाटी, विहारातल्या कार्यक्रमाचा फलक. खऱ्या कामात नावे, तारखा, फोटो आणि घाई हे सगळे येते. ते धड्यात नसते.

तीन, धडा आणि आपले सॉफ्टवेअर यांच्या आवृत्त्या वेगळ्या असतील तर घाबरू नये. जिम्पची 3.0 ही आवृत्ती मार्च 2025 मध्ये आली आणि धडे त्याआधीचे आहेत. मेनूची जागा बदललेली दिसेल, कृतीमागचे कारण बदलत नाही.

चार, आपले काम जाणत्याला दाखवावे. व्हिडिओ तुमची चूक पाहू शकत नाही. भोरच्या, नसरापूरच्या किंवा कापूरहोळच्या एखाद्या छपाईवाल्याकडे आठवड्यातून एकदा फाइल घेऊन जावे. तो सांगेल की व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आकसलेला असतो, मोठा छापला की फाटतो. पत्रिकेतल्या फोटोला इंचाला 300 ठिपके लागतात. पडद्यावरचा झगझगीत रंग चार शाईंच्या छपाईत फिका उतरतो. हे ज्ञान दुकानातच मिळते.

साधनांचा प्रश्न उरतो. धडा मोबाईलवर पाहता येतो, पण या कामाचा हात बसायला संगणक आणि माऊसच हवा. नवा घेण्याची ऐपत नसेल तर वापरलेला, चांगल्या स्थितीतला घ्यावा. इंकस्केप आणि जिम्पच्या सुरुवातीच्या कामांना फार भारी यंत्र लागत नाही. चार घरांनी मिळून एक घेतला आणि वेळ वाटून दिली तरी चालेल. डोंगराकडच्या वाड्यांत रेंज मिळत नाही ही अडचण खरी आहे. त्यासाठी धडे उतरवून घेण्याची सोय आहे. भोरला आल्यावर पेनड्राइव्ह भरून न्यावा, पुढचा महिनाभर नेटची गरज नाही.

कोणी म्हणेल, दुकानात तर 'कोरलड्रॉ' आणि 'फोटोशॉप' चालते, मग हे फुकटचे शिकून काय उपयोग? उपयोग आहे. लेअर म्हणजे काय, पेन टूलने वळण कसे काढायचे, मजकुराभोवती मोकळी जागा किती ठेवायची, हे एकदा हातात बसले की दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त बटणे शोधायची राहतात. बाजारातली चोरीची प्रत घेण्याचा मोह मात्र टाळावा. ती बेकायदा असते आणि तिच्यासोबत व्हायरसही घरात येतो. फुकट म्हणजे हलके, हा समजही सोडावा. 2025 साली उत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा 'फ्लो' हा चित्रपट 'ब्लेंडर' या मोफत सॉफ्टवेअरवर बनला आहे.

आणखी एक गोष्ट कोणताही परदेशी व्हिडिओ शिकवणार नाही, ती म्हणजे आपली अक्षरे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की भलत्याच चिन्हांत दिसतो. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. छपाईला फाइल देताना ती पी.डी.एफ. करून द्यावी. आणि शुद्धलेखन तपासावे. कितीतरी फलकांवर 'बुद्ध' ऐवजी 'बुध्द' छापलेले असते. द आधी, ध नंतर, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. ज्या नावापुढे आपण हात जोडतो, ते तरी चुकीचे छापले जाऊ नये. सॉफ्टवेअर येणारे पुष्कळ निघतील, मराठी नीट जुळवणारा कारागीर मात्र शोधावा लागतो. आपल्या मुलांची खरी संधी तिथे आहे.

शेवटी आईवडिलांना विनंती. मूल पडद्यासमोर बसले की ते खेळतेच आहे असे धरून चालू नका. "आज काय पाहिलंस?" असे विचारू नका. "आज काय बनवलंस, दाखव," असे विचारा. दाखवले तर शाबासकी द्या, नाही दाखवले तर कान धरा. आणि रोजचा एक तास ठरवून द्या, मुलाला जसा तसाच मुलीलाही. त्या तासात तिला पाणी भरायला वा भाकरी थापायला हाक मारू नका. क्लासची फी वाचली, तर तिच्या वाट्याला एवढा वेळ यायलाच हवा.