विश्लेषण : महाबळेश्वरच्या ‘बर्फा’साठी ऑल-टेरेन टायर हवेत का?

डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या जेट्टीवर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. तासाभरात त्याचे फोटो व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर पोहोचतात आणि ‘महाबळेश्वरचे काश्मीर झाले’ अशी ओळ त्यांच्याबरोबर फिरू लागते. मग प्रश्न सुरू होतात. घाटात गाडी घसरेल का? थार, स्कॉर्पिओ किंवा पिकअपला जाड नक्षीचे ऑल-टेरेन टायर बसवून घ्यावेत का? एसयूव्हीच्या मोठ्या मापात असे पाच टायर घेतले, तर खर्च पन्नास हजारांच्या घरात किंवा त्यापुढे जातो. त्यामुळे उत्तर नीट समजून घेतलेले बरे. त्यातही पैशांपेक्षा मोठा मुद्दा असा, की बर्फाच्या भीतीने निवडलेला टायर महाबळेश्वरच्या खऱ्या धोक्यात थोडा कमीच पडू शकतो.

महाबळेश्वरात बर्फ पडतो का?

नाही. तिथे दिसतात ते हिमकण, म्हणजे गोठलेले दव. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागात थंड, जड हवा साचून राहते. अशा वेळी गावातल्या तापमापकावर सहा-सात अंश दिसत असताना गवताच्या पात्यावर किंवा गाडीच्या पत्र्यावर पारा शून्याला टेकतो आणि दव गोठते. पत्रा, लाकूड आणि पाने पटकन थंड होतात. डांबरी रस्ता दिवसभराची ऊब बराच वेळ धरून ठेवतो. म्हणून फोटोत जेट्टी पांढरी दिसते आणि शेजारचा रस्ता काळाच असतो. ऊन आल्यावर हिमकण विरघळतात. स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्याला या पहाटेची काळजी असते, गाडीवाल्याने करण्याचे फारसे कारण नाही.

मग धोका कशाचा?

पाण्याचा. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै २०२१ मध्ये तर इथे २४ तासांत ५९४.४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अतिवृष्टीत आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि पोलादपूरकडचा मार्ग बंद पडला.

महाबळेश्वरला जाणारे मुख्य रस्ते सगळे घाटाचेच आहेत. वाईकडून पसरणी घाट, पोलादपूरकडून आंबेनळी, मेढ्याकडून केळघर. पावसाळ्यात या रस्त्यांवर पाण्याबरोबर डोंगरउतारावरची लाल माती वाहून येते, झाडीतल्या वळणांवर पाने कुजतात, कठड्याच्या कडेला शेवाळ धरते. वर धुके इतके दाट, की समोरच्या गाडीचा दिवा दिसेपर्यंत ती गाडी जवळ आलेली असते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस याच आंबेनळी घाटातून दरीत कोसळली. बसमधला फक्त एक जण वाचला. हा अपघात टायरचा दाखला म्हणून इथे दिलेला नाही. या वाटा चुकीला किती कमी जागा देतात, हे कळावे म्हणून त्याची आठवण.

ऑल-टेरेन टायर वेगळा असतो तो कशात?

शहरी आणि महामार्गाच्या टायरवर रबराचे ठोकळे जवळजवळ आणि खाचा अरुंद असतात. जिम्नीसारख्या डोंगरी म्हणवल्या जाणाऱ्या गाडीलाही कंपनी हायवे-टेरेन प्रकारचा टायर देते. थारच्या वरच्या श्रेणीत मात्र ऑल-टेरेन टायर कंपनीकडूनच येतात. त्यांचे ठोकळे मोठे, मधल्या खाचा रुंद आणि खोल, बाजूची भिंत जाड. चिखलात ठोकळा रुततो, खाचेतून चिखल बाहेर फेकला जातो आणि टोकदार दगडाने टायर सहज फाटत नाही. तापोळ्याच्या बाजूला कच्च्या रस्त्याने एखाद्या वाडीवर रोज जा-ये असेल, शेतमाल भरलेली पिकअप असेल, तर हा टायर पैसे वसूल करतो.

ओल्या डांबरावर हिशेब बदलतो. रुंद खाचा म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर कमी. उंच ठोकळे ब्रेक दाबताच थोडे वाकतात. टिकाऊपणासाठी रबरही बऱ्याचदा कडक ठेवलेले असते. त्यामुळे त्याच गाडीला, त्याच मापात चांगला हायवे टायर लावला, तर ओल्या रस्त्यावर ती साधारणपणे आधी थांबते. सगळे ऑल-टेरेन टायर सारखे नसतात आणि नव्या पिढीत सुधारणाही झाली आहे, पण मूळ तडजोड सुटलेली नाही.

हा फरक किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. समजा, सहा टक्के उतारावर गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे. ओल्या रस्त्यावर एका टायरचे घर्षण ०.५ आणि दुसऱ्याचे ०.४ धरले, तर ब्रेक लागल्यापासून पहिली गाडी साधारण १४ मीटरवर थांबेल, दुसरी साडेअठरा मीटरवर. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण मधले चार मीटर म्हणजे एका गाडीची लांबी. धुक्यात अचानक समोर आलेल्या एसटीसाठी हे चार मीटर पुष्कळ आहेत.

फोर-बाय-फोर असेल तर चिंता मिटली का?

रील पाहून होणारा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी चिखलातून निघते, चढ चढते. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. थांबताना फोर-बाय-फोरची जादा मदत जवळजवळ नसते, उलट गाडी जड असल्याने वळणावर सावरणे अवघड. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण टायरकडे नसलेली पकड तेही आणू शकत नाही.

उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीने वेग आवरायचा, ही जुन्या एसटी चालकांची रीत आजही टायर आणि ब्रेक दोन्ही वाचवते. ऑटोमॅटिक गाडीवाले हे बहुतेक विसरतात आणि पसरणी उतरताना ब्रेकचा जळका वास येतो.

टायरवरच्या खुणांचा अर्थ काय?

टायरच्या भिंतीवर ‘एम प्लस एस’ असे लिहिलेले दिसले की दुकानदार ‘बर्फातही चालतो’ म्हणून सांगतो. चिखल आणि बर्फ या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. ही खूण मुख्यतः नक्षीच्या रचनेवरून दिली जाते आणि ती छापण्यासाठी बर्फावरची चाचणी द्यावी लागेलच असे नाही. खरी खूण आहे ती तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमपुष्प अशा चित्राची. ते मिळवण्यासाठी टायरला दाबलेल्या बर्फावर प्रमाण टायरपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त पकड दाखवावी लागते. काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर तो काय करील, हे मात्र ही खूण सांगत नाही.

जर्मनीत किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा फरक कायद्यानेच शिकवला. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर लागतो आणि २०१८ पासून बनलेल्या टायरवर डोंगर-हिमपुष्पाचीच खूण हवी. नुसत्या ‘एम प्लस एस’च्या जुन्या टायरची सवलत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तापमान सात अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, म्हणून तिकडे बर्फ नसतानाही टायर बदलतात. महाबळेश्वरात पारा सातच्या खाली जातो तो काही पहाटेंपुरता. दुपारच्या उन्हात आणि खाली वाई-साताऱ्याच्या उकाड्यात खऱ्या हिवाळी टायरचे मऊ रबर झरझर झिजेल.

दुसरी बाजूही आहे. युरोपात रुळलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत तीव्र बर्फासाठीच्या काही टायरना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची अट थोडी सैल ठेवलेली आहे. एका टायरकडून सगळे मिळत नाही, हे नियम करणाऱ्यांनीही मान्य केले आहे.

भारतात २०२२ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढून रस्त्यावरचा रोध, ओली पकड आणि आवाज या तीन गोष्टींची किमान मर्यादा टायरना लागू केली. मात्र काही टायरवर दिसणारे तारे इंधनबचतीचे असतात. पाच तारे पाहून ‘पावसात पाचपट सुरक्षित’ असा अर्थ काढू नये. युरोपातल्या लेबलवर ओल्या पकडीची ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी असते. तेच मॉडेल तिकडे त्याच मापात विकले जात असेल, तर तिथली श्रेणी इंटरनेटवर पाहता येते.

मोठ्या मापाचे टायर बसवले तर?

ऑल-टेरेनबरोबर गाडी उंच दिसावी म्हणून माप वाढवण्याची हौस येते. चाकाचा व्यास पाच टक्के वाढला, तर स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६३ ने धावते. ब्रेक तेच, चाक मोठे, म्हणजे थांबवायला जोर जास्त लागतो. पूर्ण वळवलेल्या चाकाचा मडगार्डला घासण्याचा प्रश्न वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन अधोरेखित केले. अपघातानंतर विमा कंपनीला प्रश्न विचारायला जागा कशाला द्यायची? दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचे माप आणि वजनाचा निर्देशांक, त्याहून कमी कधीच नाही, हा सोपा नियम.

बर्फात खरेच जायचे असेल तर?

पुण्या-मुंबईतून गाडी घेऊन मनालीला जाणारे आता पुष्कळ आहेत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याने लाहौलचे दार हिवाळ्यातही किलकिले केले. बोगद्याच्या तोंडाशी उंची तीन हजार मीटरच्या वर आहे आणि डिसेंबरात तिथे घसरणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ दरवर्षी येतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात बर्फवृष्टीत गाड्यांची मोठी रांग अडकली आणि पोलिसांना पर्यटकांना बाहेर काढावे लागले. इथे डोंगर-हिमपुष्पाची खूण असलेला ऑल-टेरेन टायर ताज्या किंवा दाबलेल्या बर्फात नक्की उपयोगी पडतो. दिवसा विरघळून रात्री गोठलेले पाणी रस्त्यावर पारदर्शक थर धरते, तेव्हा मात्र घर्षण ०.१ च्या आसपास येते. ताशी ४० च्या वेगात सपाट रस्त्यावरही थांबायला ६० मीटरहून जास्त अंतर लागते. तिथे साखळ्याच हव्यात. बर्फाच्या दिवसांत पोलीसही बहुधा फोर-बाय-फोर किंवा साखळी लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. वर्षातून आठ दिवसांच्या सहलीसाठी पाच टायर बदलण्यापेक्षा योग्य मापाच्या साखळ्या घेणे, त्या घराच्या अंगणात एकदा लावून पाहणे आणि शेवटचा टप्पा स्थानिक चालकाच्या गाडीने करणे स्वस्त पडते.

महाबळेश्वरला निघण्यापूर्वी काय पाहायचे?

आहे तोच टायर. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकी-तीनचाकीला ०.८. खाचेच्या तळाशी असलेली उंचवट्याची पट्टी रबराच्या पातळीला आली, की ही मर्यादा गाठली. कायदा तिथे थांबतो, पण पावसाळी घाटासाठी तीन मिलिमीटरखाली गेलेला टायर बदललेला चांगला, कारण पाणी बाहेर काढायला खाचच उरलेली नसते. ऑल-टेरेन गुळगुळीत झाला, तर तो चार दिवसांपूर्वी घेतलेल्या साध्या टायरपुढे काहीच नाही. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे त्याचे वय सांगतात. २८२३ म्हणजे २०२३ चा २८वा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी रबर वाळून भेगा पडतात आणि पकड जाते.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, पूर्ण सामान आणि माणसे असतील तर स्टिकरवर दिलेल्या भरलेल्या गाडीच्या आकड्यानुसार. ‘घाटात जायचंय, थोडी कमी ठेवा’ हा पेट्रोल पंपावरचा सल्ला वाळूत किंवा खोल चिखलात खरा, डांबरावर नाही. हवा कमी असली की टायर तापतो आणि पाण्यावर लवकर तरंगू लागतो. आणि पंपावरच्या मुलाला पाचव्या टायरचीही आठवण करून द्यावी. बहुतेक गाड्यांत स्टेपनीची हवा शेवटची कधी पाहिली होती, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.