सावलीचा वाघ मुलाच्या हाती

बालवाडीत बाहुल्यांचा खेळ म्हटला की तो बाईंनी करायचा आणि मुलांनी मुकाट्याने पाहायचा, अशी रीत पडून गेली आहे. छायाबाहुल्यांच्या बाबतीत तरी ही रीत मोडली पाहिजे. बाहुली मुलाने घडवावी आणि तिची काठीही त्यानेच धरावी.

त्यासाठी गडचांदूरसारख्या गावी काही विकत आणावे लागत नाही. सागाचे वाळलेले पान, जुन्या वहीचा पुठ्ठा, बांबूची कमची, पांढरे धोतर आणि एक विजेरी एवढ्यावर रंगभूमी उभी राहते. तीन वर्षांच्या मुलाने पुठ्ठा हातानेच फाडावा. पाच वर्षांच्या मुलाला बोथट कात्री द्यावी. वाघाला पाच पाय झाले, तरी मोठ्यांनी कात्री हिसकावून घेऊ नये. सुबक वाघ बाजारातही मिळतो. स्वतः घडवल्याचा आत्मविश्वास मिळत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात वाघ हा केवळ गोष्टीतला प्राणी नव्हे. मोहफुले वेचायला वा सरपणाला गेलेल्या माणसांवरील हल्ल्यांच्या वार्ता येथील मुलांच्या कानी पडतात. अशा मुलाच्या हाती वाघाची सावली आली म्हणजे काय घडते? बाहुली विजेरीजवळ नेली की वाघ पडदाभर होतो. पडद्याला टेकवली की वीतभर उरतो आणि त्याचा आकार स्पष्ट दिसतो. भय कसे वाढते आणि नीट पाहिले की कसे आटोक्यात येते, हे मूल स्वतःच्या हाताने अनुभवते. खऱ्या वाघापासून सावध राहावेच लागते. परंतु सावध असणे वेगळे आणि भेदरलेले असणे वेगळे.

ही कला आपल्याला परकी नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांतून रामायण जिवंत ठेवले. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. आंध्र आणि कर्नाटकात छायाबाहुल्या नाचवणारी अनेक घराणी आजही घरात मराठीशी नाते सांगणारी बोली बोलतात. सन्मान झाले, हे उचितच. पण आता हा खेळ करणारी कुटुंबे मोजकीच उरली आहेत. ज्या मुलाने लहानपणी एकदा सावली हलवली, तोच पुढे या कलावंतांचा जाणता प्रेक्षक होईल.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातील वस्तूंतूनच शिक्षणसाधने घडवली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही बालशिक्षणात बाहुलीखेळाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. उणीव आहे ती मोठ्यांच्या सवडीची आणि संयमाची.

तेलंगणाच्या सीमेजवळील या भागात मराठी, गोंडी, तेलुगू या भाषा शेजारी नांदतात. पडद्यावरचा वाघ सर्वांना सारखाच कळतो. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या भाषेत त्याला बोलते करावे. स्पर्धा नको, क्रमांक नको, पाहुण्यांसमोर प्रदर्शनही नको. आठवड्यातील एका सायंकाळी घरातील दूरदर्शन संच बंद करावा, दिवा मालवावा आणि आजी-आजोबांनी पडद्यासमोर प्रेक्षक म्हणून बसावे. गोष्ट मुलाला सांगू द्यावी.