तान्ह्या बाळाचे कोलेस्टेरॉल

कोलेस्टेरॉल हा शब्द कानी पडताच सुशिक्षितांच्या मनात हृदयविकाराची धास्ती उभी राहते. त्यामुळे डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या बाळापेक्षा अंगावर पिणाऱ्या बाळाच्या रक्तात ते अधिक असते, हे ऐकून कोणीही बुचकळ्यात पडावे. परंतु यात भिण्याजोगे काही नाही. मातेच्या दुधात कोलेस्टेरॉल मुळातच भरपूर असते. डब्यातील भुकटीत बहुधा वनस्पतितेले घातलेली असल्याने ते नाममात्र उरते. वाढत्या मेंदूला तर हे द्रव्य हवेच असते.

लंडनमधील संशोधकांनी २००२ साली ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. स्तनपानावरील अर्भकांत कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला सुमारे २५ मिलिग्रॅमने अधिक होते. पुढे हा फरक मावळला आणि प्रौढपणी तेच सुमारे ७ मिलिग्रॅमने कमी आढळले. तथापि हा लाभ अल्प आहे आणि त्यात कुटुंबाच्या राहणीचाही वाटा असू शकतो. स्तनपानाचे समर्थन त्यावर उभारण्याचे कारण नाही. जुलाब व न्युमोनियापासून मिळणारे संरक्षण हा त्याचा खरा भक्कम आधार होय.

भारतात १९९२ च्या कायद्याने डब्याच्या शिशुदुधाच्या जाहिरातींवर बंदी घातली. २०१७ पासून संघटित क्षेत्रातील स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. शेतमजूर स्त्रीला मात्र बाळाला पाजण्यासाठी रोजंदारी बुडवावी लागते. समाजाने चिंता वाहावी ती बाळाच्या रक्तातील आकड्याची नव्हे, या विषमतेची.