जुन्या मोटारीचें निदान

वैद्य औषध देण्यापूर्वीं रोग्यास चार प्रश्न विचारतो. मोटार बिघडली म्हणजे मात्र प्रश्न कोणी विचारीत नाहीं. जो तो पाना शोधूं लागतो. ह्या घाईचा दंड अखेर घरच्या कर्त्या मनुष्यास भरावा लागतो. पुष्कळ एकत्र कुटुंबांत वडिलांनीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी अद्यापि पडवीशेजारीं उभी असते. काका म्हणतात, "विकून टाका". पुतण्या म्हणतो, "दुरुस्त करूं". आणि गाडीस खरोखर काय झालें आहे हें दोघांसही ठाऊक नसतें. हा वाद मिटविण्यास उपयोगी पडेल असें थोडेंसें निदानशास्त्र आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम ह्या गाडीची कुळकथा. वालचंद हिराचंद ह्यांच्या उद्योगसमूहानें १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत, इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें ही तयार होत असे. आरंभीं तिला फियाट ११०० म्हणत; १९७४ च्या सुमारास तिला 'पद्मिनी' हें नांव मिळालें. २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. अर्थात् ह्या कुळांतील सर्वांत धाकटी गाडीसुद्धां आतां सुमारें पाव शतकाची आहे. परंतु तिच्या ठायीं एक मोठा गुण आहे. तिच्या पोटांत संगणक नाहीं. १,०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें साधें इंजिन, एक कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रिब्यूटर. डोळे, कान, नाक आणि थोडा विचार एवढ्यावर तिचे बहुतेक रोग ओळखतां येतात.

विचार कसा करावा, हें आपल्या न्यायशास्त्रानें केव्हांच सांगून ठेविलें आहे. कारण असतां कार्य असावें हा अन्वय. कारण काढून घेतलें असतां कार्य नाहींसें व्हावें हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजेच कारण सिद्ध झालें. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची गाडी वारंवार बंद पडे. मिस्त्रीनें एकाच दिवशीं कॉइल, कंडेन्सर, प्लग आणि पेट्रोलपंप असे चारही जिन्नस बदलले. गाडी चालली, पैसे चौपट गेले आणि दोष कशांत होता तें कोणासच कळलें नाहीं. पंधरा दिवसांनीं ती पुन्हा थांबली. कॉइलवरील तार सैल होती. काम करतांना ती हलली म्हणून मधले पंधरा दिवस निभावले, इतकेंच. म्हणून पहिला नियम हा कीं, एका वेळीं एकच वस्तु बदलावी व परिणाम पाहावा.

आतां लक्षणें घेऊं. चावी फिरविली आणि सेल्फ फिरलाच नाहीं, अथवा रडतखडत फिरला, तर पुढील दिवे लावून पुन्हा सेल्फ द्यावा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी दुर्बळ आहे किंवा तिच्या टोकांशीं जोड नीट नाहीं. दिवे तेजस्वी राहिले आणि सेल्फ मुका राहिला, तर दोष स्विचकडे किंवा सेल्फकडे आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर असल्यास तारा सोडून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें तो धुवावा, कोरडें करून पट्ट्या घट्ट आंवळाव्या आणि वर व्हॅसलीन लावावें. तारा सोडतांना ऋण टोक आधीं सोडावें व जोडतांना शेवटीं जोडावें. नवीन बॅटरी आणण्यापूर्वीं एवढें अवश्य करावें. कित्येकदां तेवढ्यानेंच काम भागतें.

सेल्फ जोमानें फिरतो, पण इंजिन धरीत नाहीं, असें असेल तर पेट्रोल, हवा आणि करंट ह्या तिघांपैकीं एक रुसला आहे. एक जादा प्लग तारेच्या टोपींत बसवून, त्याचें अंग इंजिनाच्या धातूस टेकवून, तो रबरी मुठीच्या पकडीनें धरावा व दुसऱ्यास सेल्फ देण्यास सांगावें. निळी ठिणगी पडली तर करंट आहे. पेट्रोलचा वास येत असल्यास मात्र हा प्रयोग मुळींच करूं नये. ठिणगी नसेल तर तारांचे जोड तपासून डिस्ट्रिब्यूटरचें झाकण उघडावें. पॉइंट काळवंडले असल्यास बारीक पॉलिश कागदानें पुसावे व त्यांतील अंतर गाडीच्या पुस्तिकेंत दिलें असेल तितकें, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेर, ठेवावें.

आमच्या नागपुरास विशेष असा एक विकार आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपुढें जातो. गाडी रामटेकच्या वाटेवर मनसरपर्यंत सुखानें जाते, चहासाठीं थांबते आणि पुन्हा सुरू होत नाहीं. इंजिनाच्या उष्णतेनें नळींतील पेट्रोलची वाफ होते व पंप द्रवाऐवजीं वाफच ओढीत राहतो. परंतु तापल्यावर कॉइल व कंडेन्सरही दगा देतात, आणि बाहेरून लक्षण एकच दिसतें. तेथें उपाय ठिणगीचा. ठिणगी नसेल तर कॉइल, कंडेन्सर ह्यांचा संशय घ्यावा. ठिणगी चांगली असेल तर बॉनेट उघडून गाडी सावलींत ठेवावी आणि पंपावर व नळीवर ओलें फडकें गुंडाळावें. अर्ध्या तासांत गाडी सुरू झाली तर वाफेचाच तो खेळ होता. आयुर्वेदांत ह्यास उपशय म्हणतात. उपचार लागू पडला, त्यावरून रोग ओळखला. तापलेल्या इंजिनावर मात्र थंड पाणी ओतूं नये, धातु तडकण्याचें भय असतें.

इंजिन अति तापत असेल तर रेडिएटरमधील पाणी, फॅनबेल्ट आणि थर्मोस्टॅट ह्या क्रमानें पाहावें. बेल्ट मधोमध अंगठ्यानें दाबला असतां बोटाच्या जाडीपेक्षां फार लवूं नये. जड पाण्यानें रेडिएटरच्या नळ्यांत, घरच्या बंबांत बसतो तसाच, क्षार बसतो. म्हणून डिस्टिल्ड पाणी व कूलंट वापरावें. गरम रेडिएटरचें झाकण कधींही उघडूं नये. वाफेनें तोंड भाजतें.

धूरही बोलका असतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक: चोक ओढलेला राहिला असेल किंवा हवेची जाळी चोंदली असेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतें आहे. थंडीच्या सकाळीं क्षणभर दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी. परंतु ती थांबेना, पाणी घटूं लागलें आणि ऑइल दुधाळ झालें, तर हेड गॅस्केट गेलें असें समजून गाडी जागच्या जागीं थांबवावी.

आतांपर्यंतचे दोष खिशास जाचक होते; पुढील दोन प्राणांशीं गांठ घालतात. देशांत २०२५ पासून सर्वत्र मिळूं लागलेल्या पेट्रोलमध्यें सुमारें २० टक्के इथेनॉल असतें. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्यासाठीं घडविलेले नव्हते. रबर फुगतें, मऊ पडतें किंवा तडकतें. तडकलेली नळी आणि तापलेलें इंजिन ह्यांचा शेजार किती भयंकर, हें सांगणें नकोच. दर महिन्यास नळ्या पाहाव्या, बोटानें चेपाव्या आणि शंका येतांच इथेनॉल सोसणाऱ्या नव्या बसवाव्या.

दुसरा दोष ब्रेकचा. पायाखालीं ब्रेक स्पंजासारखा लागला तर नळींत हवा आहे. दाबून धरला असतां हळूहळू खालीं बसला तर मास्टर सिलिंडर गळतो आहे. गाडी एका बाजूस ओढली तर एखाद्या चाकाचा ब्रेक कमजोर आहे. एवढें ओळखणें हें घरचें काम. दुरुस्ती जाणत्या मिस्त्रीची. "आजचा दिवस चालवूं" हें वाक्य ब्रेकच्या बाबतींत घरांतील कोणीही उच्चारूं नये, कारण मागील बाकावर मुलें बसतात.

काका-पुतण्यांच्या वादाचा निकाल ह्यावरून लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढें दर ५ वर्षांनीं तपासणी करवून ती वाढवावी लागते. तळाचा पत्रा आणि स्प्रिंगांचे आधार गंजून पोकळ झाले असतील तर काकांचें म्हणणें मान्य करावें. सांगाडाच खचला असतां सुट्या भागांवर खर्च करूं नये. सांगाडा धडधाकट असेल तर पुतण्यास एक वही द्यावी. तारीख, लक्षण, केलेला प्रयोग, बदललेली वस्तु आणि खर्च हीं पांच सदरें तींत असावीं. घरांतील ज्या मुली-सुना गाडी चालवितात त्यांनींही तींत लिहावें; विचित्र आवाज प्रथम त्यांच्याच कानीं पडला असण्याचा संभव असतो. वर्षअखेर ती वही उघडून दोघांनीं एकत्र वाचावी, म्हणजे गाडी ठेवावी कीं विकावी हें कोणाच्याही आग्रहावांचून ठरेल.