पहाटेची दौड आणि थंडीची सवय

पौष महिना लागला की आमच्या ग्वाल्हेरच्या शाळांतून एक गोष्ट ठरल्यासारखी घडते. सकाळच्या कवायतीस हजर राहणाऱ्यांची संख्या एकाएकी रोडावते, पालकांच्या चिठ्ठ्या येऊ लागतात, आणि ज्या मुलांनी भाद्रपदात मैदानाला दहा फेऱ्या हसत हसत घातल्या, तीच मुले हात खिशात कोंबून व्हरांड्यात उभी राहतात. पारा कधी कधी चार-पाच अंशांपर्यंत उतरलेला असतो, धुके दाट असते. रजईतून बाहेर न पडण्यास याहून सबळ कारण कोणास हवे? शिक्षकही मग फारसा आग्रह धरीत नाहीत. बंद झालेली दौड वसंतपंचमी उलटल्यावरच पुन्हा सुरू होते. आमच्या मते ही रीत बदलली पाहिजे. थंडी पडते म्हणून धावणे सोडू नये. उलट थंडीची सवय व्हावी म्हणूनच धावावे, आणि त्याचा आरंभ पौषात न करता आश्विनात करावा, असे आमचे नम्र परंतु निश्चित मत आहे.

घरोघरी असे ऐकू येते की, आपण मूळचे दक्षिणेकडचे. ही उत्तरेची थंडी आपल्या हाडांना मानवायची नाही. हे बोलणे मायेचे आहे, पण खरे नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली आपली राजधानी उज्जैनहून येथे आणली आणि त्यांच्या छावणीच्या जागी जे नगर वसले, त्यास आजही लष्कर असेच म्हणतात. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे मराठी कुटुंबे येथले हिवाळे काढीत आली आहेत. परंतु हा हिशेबही बाजूस ठेवू. थंडी सोसण्याची शक्ती मुख्यतः कुळावर अवलंबून नसते. ती सवयीने येते आणि सवय सुटली की जाते. पुण्याहून नुकतीच आलेली मुलगी रोज पहाटे बाहेर पडू लागली, तर येथेच जन्मून सारा हिवाळा बंद खोलीत काढणाऱ्या मुलापेक्षा ती थंडीत अधिक सुखाने वावरेल.

ही सवय म्हणजे केवळ मनाचा निग्रह नव्हे. आपल्या शरीराचे अंतर्गत तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस राखले जावे लागते. बाहेर थंडी पडली की त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त आतील इंद्रियांकडे वळते आणि हातापायांची बोटे गार पडतात. तेवढ्याने भागले नाही की हुडहुडी भरते. स्नायू आपोआप थरथरून उष्णता निर्माण करतात. याखेरीज आणखी एक भट्टी शरीरात असते. तपकिरी मेद नावाचा एक प्रकारचा मेद मान आणि गळपट्टीच्या हाडांच्या आसपास असतो. साधा मेद शक्ती साठवून ठेवतो, तर हा मेद ती जाळून ऊब देतो. तान्ह्या मुलांत तो पुष्कळ असतो हे पूर्वीपासून ठाऊक होते. मोठ्या माणसांतही तो कार्यक्षम असतो, हे २००९ साली निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी दाखवून दिले. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका प्रयोगात १७ निरोगी माणसांना रोज ६ तास याप्रमाणे १० दिवस १५-१६ अंश तापमानात ठेवण्यात आले. दहा दिवसांअखेर त्यांच्या तपकिरी मेदाचे कार्य वाढलेले आढळले. शिवाय तीच थंडी त्यांना पूर्वीपेक्षा कमी बोचू लागली आणि हुडहुडीही कमी झाली. कॅनडाच्या गॅस्पे किनाऱ्यावर थंड पाण्यात हात घालून काम करणारे मच्छीमार घ्या. त्यांचे हात इतरांच्या हातांपेक्षा गार पाण्यात अधिक उबदार राहतात, असे संशोधकांना दिसून आले. शरीर हे असे शिकाऊ आहे. त्याला धडा मात्र नेमाने द्यावा लागतो.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की धावताना तर अंगात ऊब येते. मग थंडीची सवय होणार कशी? शंका रास्त आहे. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे एक चतुर्थांश भाग प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो व उरलेल्याची उष्णता होते. म्हणूनच दहा मिनिटांत स्वेटर नकोसा होतो. स्वस्थ बसून थंडी अंगावर घेणाऱ्यास तिचा जेवढा परिचय होईल, तेवढा धावणाऱ्यास होणार नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु शाळकरी मुलांना उघड्यावर बसवून कुडकुडत ठेवणे कोणताही शहाणा शिक्षक पसंत करणार नाही. धावणारा मुलगा आपली शेगडी बरोबर घेऊन थंडीत शिरतो. पहिल्या दहा मिनिटांत चेहरा, कान आणि हात थंडीला ओळखू लागतात. थंड हवा छातीत घेताना श्वासाची लय सांभाळण्याचा अभ्यास होतो. आणि पहिला बोचरा झोंबारा हा संकटाचा इशारा नसून थोड्याच वेळात ओसरणारी अवस्था आहे, हे मनाला पटते. हे शेवटचे शिक्षण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते.

परंतु हे शिक्षण पायरीपायरीनेच घेतले पाहिजे. पौषातल्या एखाद्या सकाळी वीरश्री संचारून बनियनवर मैदानात उतरणारा मुलगा तिसऱ्या दिवशी पुन्हा रजईत जातो. आपल्या पूर्वजांनी वर्षाची आखणी किती शहाणपणाने केली आहे ते पाहा. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडआरती. म्हणजे गारवा नुकता सुरू होत असतानाच पहाटे उठून घराबाहेर पडण्याचा नेम. मध्ये दिवाळीचे अभ्यंगस्नान. पुढे धुंधुरमासात सूर्य उगवता उगवता बाजरीची भाकरी, लोणी आणि गरम खिचडी. आणि संक्रांतीस तीळगूळ. यामागील धर्मभाव ज्याचा त्याचा. पण देहाला थंडीकडे हळूहळू नेणारी आणि तिच्या ऐन भरात त्याला स्निग्ध अन्न पुरविणारी याहून चांगली क्रमिक योजना आम्हांस तरी सुचत नाही. शाळेच्या दौडीने तिचेच अनुकरण करावे. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांपासून आरंभ करावा, दर आठवड्यास दोन-तीन मिनिटे वाढवावीत, आणि पौष येईल तेव्हा अर्धा तास धावणे हे काकडआरतीइतकेच अंगवळणी पडलेले असावे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचे स्मरण मराठी माणसाला असते, ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी तेथे कुस्तीत मिळविलेल्या कांस्यपदकामुळे. त्याच स्पर्धांत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. हा लष्करी सेवेतील धावपटू हिवाळ्यात सराव थांबवीत नसे. सैनिकी बूट घालून बर्फातून धावत असे. दुसरे उदाहरण आजच्या काळातले आणि आपल्या भाषेतले आहे. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे सैन्यात भरती झाले आणि सियाचीनच्या हिमनदीवर, तसेच राजस्थानच्या वाळवंटातही त्यांनी नोकरी केली. पुढे ३,००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्यपदक आणि हांगचौ येथील आशियाई स्पर्धांत २०२३ साली सुवर्णपदक मिळविले. सियाचीनने त्यांना धावपटू केले, असे आम्ही म्हणत नाही. दुष्काळी, उन्हाळी मुलखात वाढलेले शरीरही सियाचीनमध्ये उभे राहू शकते, एवढेच त्यावरून घ्यावे. आणि मग आमच्या ग्वाल्हेरच्या पाच अंशांची भीती किती बाळगावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पालकांची मुख्य भीती सर्दी-पडशाची असते. सर्दी विषाणूंमुळे होते. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून आपण एकत्र दाटीने बसतो, हे तिच्या प्रसाराचे एक मोठे कारण आहे. म्हणून निरोगी मुलाने मोकळ्या मैदानात धावण्यास हरकत नाही. मात्र काही पथ्ये कसोशीने पाळली पाहिजेत. ज्यांना दम्याचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना थंड, कोरड्या हवेत धावू नये. वारा पडलेला असतो अशा पहाटे गार हवा जमिनीलगत साचते, वर उबदार हवेचा थर बसतो आणि शहराचा धूर त्याखाली कोंडला जातो. अशा धुरकट दिवशी दौड बंद ठेवावी किंवा ऊन पडून हवा मोकळी झाल्यावर करावी. धुरात धावणे हे शौर्य नव्हे. एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ कपडे घालावेत, कान आणि हात झाकावेत, आणि घामाने भिजलेले बनियन दौड संपताच बदलावे, कारण ओला कपडा अंगातील ऊब झपाट्याने काढून घेतो. बोटे बधिर होऊ लागली, हुडहुडी थांबेना किंवा जीभ अडखळू लागली, तर तत्काळ आत जाऊन ऊब घ्यावी.

शेवटी एक गोष्ट आम्हांस सर्वांत आग्रहाने सांगावयाची आहे. शरीराची उष्णता अन्नातून येते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जी मराठी सेना लढली, तिची रसद तुटलेली होती आणि उत्तरेचा हिवाळा तिच्या अंगावर होता. त्या पराभवाची कारणे अनेक. परंतु उपाशी माणसाला थंडीची सवय करवून घेता येत नाही, हे त्यावरून शिकावे. आपल्याच वर्गात एखादा मुलगा पौषातही पातळ सदऱ्यावर येतो आणि आपण कौतुकाने म्हणतो, “याला थंडीच वाजत नाही!” त्याला थंडी वाजते, त्याच्याकडे स्वेटर नाही. स्वेच्छेने घेतलेली थंडी आणि नाइलाजाने सोसलेली थंडी या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने शरीर घडते, दुसरीने ते झिजते. जो पहाटे धावून आला आहे, ज्याची बोटे खरोखर गारठली आहेत, त्याला हा भेद इतरांहून लवकर कळावा, अशी आमची अपेक्षा आहे.

म्हणून आमची सूचना दुहेरी आहे. पुढील वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून शाळेने सकाळची दौड सुरू करावी व ती संक्रांतीपर्यंत खंड न पडू देता चालवावी. आणि त्याच दिवशी शाळेत एक कपाट मोकळे करावे, ज्यात प्रत्येक घराने लहान झालेला पण धडका असलेला एक उबदार कपडा आणून ठेवावा. ज्याला लागेल त्याने तो नाव न सांगता न्यावा. दौडीनंतर सर्वांना मूठभर गूळ-शेंगदाणे मिळावेत. राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने १९५७ साली शारीरिक शिक्षणाची संस्था ज्या नगरात स्थापन झाली, तेथील मराठी शाळेस एवढे करणे अवघड जाऊ नये. खर्च थोडा आहे. लवकर उठावे मात्र लागेल.